दहा मिनिटांची राख

मी एक जुनी राखदाणी आहे. पितळेची, तळहातावर मावेल एवढी. मित्रांनो, राखदाणीनं मुलांना आपली गोष्ट सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पेनानं सांगावी, पुस्तकानं सांगावी, फार तर एखाद्या छत्रीनं सांगावी. माझ्याजवळ आहे ते सगळं राखेतलं. ते मला नीट सांगता येईल, अशी खात्रीही नाही. पण एका माणसाला मी सव्वीस वर्षं इतक्या जवळून पाहिलं आहे, की गप्प बसणं आता बरं वाटत नाही.

तो माणूस म्हणजे मला घडवणारा टर्नर. टर्नर म्हणजे लेथवर काम करणारा कारागीर. धातूचा तुकडा यंत्रात घट्ट आवळायचा, तो गरगर फिरवायचा आणि धारदार टूल लावून त्याला आकार द्यायचा, हे त्याचं काम. वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं आणि मग सगळ्यांना समजावून सांगायचं, ही आमच्या या टर्नरची सवय. म्हणून कारखान्यात सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणत. मीही तेच म्हणते.

मास्तर चोवीस वर्षांचे होते, तेव्हा सिगारेट ओढत नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्यांच्या घरच्यांनाही ते खरं वाटत नसे.

कारखान्यात तेलाचे डबे, रंग, पुठ्ठ्याची खोकी असा सगळा पेटणारा माल. आत काडी ओढायला सक्त मनाई होती. म्हणून ओढणाऱ्यांना सकाळी दहा मिनिटं आणि दुपारी दहा मिनिटं मागच्या दारी जायची मुभा होती. तिथे भिंतीला टेकून एक लाकडी बाक होता. जे ओढत नसत, त्यांना बाहेर जायचं कारणच नव्हतं. जेवणाची सुट्टी सोडली, तर ते पाळी संपेपर्यंत यंत्रासमोर उभेच.

एके दिवशी मास्तरांची कंबर इतकी भरून आली, की ते सरळ जाऊन त्या बाकावर बसले. तेव्हाचे फोरमन तिथून चालले होते.

“तू ओढतोस का रे?”

“नाही साहेब.”

“मग इथे काय करतोस?”

“बसलोय.”

“बसलोय? चोविसाव्या वर्षी? माझ्या बापानंसुद्धा असा बाक धरला नव्हता!”

बाकावरचे सगळे हसले. शेजारी एक फिटर बसले होते. वयानं मोठे, स्वभावानं मोकळे. सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी आपली पेटती सिगारेट मास्तरांच्या बोटांत खोचली आणि म्हणाले, “ओढतो की साहेब. हा काय, आजपासून ओढतो.”

फोरमनही हसले आणि निघून गेले. मास्तरांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. पण त्यांना उठावं लागलं नाही. ही हकिकत मी बाकावर इतक्या वेळा ऐकली आहे, की जणू तेव्हा मी तिथेच होते.

माझा जन्म त्यानंतर चार महिन्यांनी झाला. बाकाखाली राख आणि थोटकं साचायला लागली, झाडणारा कुरकुरू लागला. पितळेच्या कांबीचा एक तुकडा उरला होता. मास्तरांनी तो लेथवर चढवला. टूल टेकलं, तसा माझ्या अंगावरून सोनेरी कीस वेटोळी घालत खाली पडू लागला. आधी मला वाटी केलं, मग कड खरखरीत केली, म्हणजे तेलकट हातातून मी निसटू नये. शेवटी सिगारेट टेकवायला कडेवर तीन खाचा पाडल्या. एक मास्तरांची, एक मामांची आणि एक वेल्डरची. वेल्डर हा मास्तरांचा जिवाभावाचा दोस्त, जिभेनं त्याच्या ठिणग्यांइतकाच जळजळीत.

“मास्तर, हात आहे का जादू आहे?” मला उलटंसुलटं करत वेल्डर म्हणाला होता. “यात राख टाकायची? यात तर माणसानं आंघोळ करावी!”

मी तेव्हा फार फुशारले, हे कबूल करते. कौतुक कुणाला नको असतं?

मित्रांनो, लोकांना वाटतं, माणसं त्या बाकावर धुरासाठी जात. धूर तर होताच. पण त्या दहा मिनिटांत पाठ भिंतीला टेकायची. कुणाला मुलगी झाली, कुणाची सासू घसरून पडली, कोण कुणावर रुसलं आहे, हे सगळं तिथेच कळायचं. वेल्डर आणि मास्तर यांचं एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं. ते मिटलं तेही याच बाकावर, एकानं दुसऱ्यापुढे काडी धरली तेव्हा. त्या काडीत माफी होती. हे मी पाहिलं आहे, म्हणून नाकारत नाही. पुढे धूर अंगात इतका मुरला, की तो नाही मिळाला तर मास्तरांचा हात थरथरायचा. मग काय बसण्यासाठी आणि काय धुरासाठी, हे त्यांचं त्यांनाही वेगळं करता येईना.

धोका त्यांना माहीत नव्हता, असं मुळीच नाही. कारखान्यात सगळ्यांत जास्त त्यांनाच माहीत होता. नव्या कामगारांना ते तासभर सांगत, फुप्फुसाचं काय होतं, हृदयाचं काय होतं, नसा कशा आकसतात. सांगता सांगता राख माझ्यात झटकत. पाकिटावर भयानक चित्रं छापून यायला लागली, तेव्हा ते पाकीट पालथं ठेवू लागले. मामा मात्र चित्र न्याहाळून बघत आणि म्हणत, “हा चित्रातला माणूस आपल्यापेक्षा तब्येतीनं बरा दिसतोय की रे!” आणि तिघंही हसत. कळतं पण वळत नाही, असं आपण म्हणतो. ते कसं दिसतं, हे मी रोज दोनदा पाहत होते.

मग मामा गेले. आधी जिना चढवेना, मग बोलवेना, मग श्वासच पुरेना. त्यांना पोचवून मास्तर आणि वेल्डर घरी न जाता बाकावर येऊन बसले. 

“मामा गेला रे,” वेल्डर म्हणाला.

“हो.”

“यानंच गेला.”

“माहीत आहे.”

वेल्डरनं हात पुढे केला. “काडी दे.”

त्या दिवशी माझ्यात अकरा थोटकं जमली. मामांच्या खाचेत मात्र कुणी सिगारेट टेकवली नाही. मला तेव्हा फार राग आला. मी धातू, मला वाटलं, ही माणसं आहेत की दगड? आज वाटतं, दुःख झालं की माणूस ओळखीच्या ठिकाणी जातो. त्यांच्या ओळखीचं ठिकाण तेच होतं.

संध्याकाळी मास्तर मला कागदात गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकत आणि घरी नेत. घरात त्यांची बायको आणि बारा वर्षांची लेक. बायको एका शाळेच्या ग्रंथालयात काम करायची. तिनं पुस्तकांत वाचलेलं सगळं सांगून झालं होतं. आता ती फक्त एवढंच म्हणायची, “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. चालू द्या.” हे म्हणताना तिचा आवाज कोरडा असायचा, पण मला खिडकीशी ठेवताना ती मला जरा जास्तच जोरात आपटायची.

लेकीनं वेगळा उपाय केला. तिनं मला सरळ खिडकीतून खाली फेकून दिलं. मी कुंपणाच्या झुडपात जाऊन पडले. मला बरंही वाटलं. म्हटलं, चला, सुटले, आणि मास्तरही सुटले. पण वरून खोकला ऐकू आला आणि ओळखीचा वास आला. मास्तर मुरांब्याच्या बरणीच्या झाकणात राख झटकत होते. मी नसले, म्हणून काहीच अडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शोधून काढलं, धुतलं आणि लेकीला हाक मारली. ती बोलणी खायच्या तयारीनंच आली.

“बाबा, तुला माहीत नाहीये का, काय होतं ते?”

“आहे गं.”

“मग?”

मास्तरांकडे जगातल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर असे. त्या ‘मग’वर मात्र त्यांनी मला पुसून पुन्हा खिडकीशी ठेवलं.  लेक रडत आत गेली.

त्यानंतरच्या वर्षी पाय दुखू लागला. कारखान्यापासून बसथांब्यापर्यंत चालताना उजव्या पोटरीत गोळा यायचा आणि थांबावं लागायचं. लोकांना कळू नये, म्हणून मास्तर दुकानांपुढे थांबत. एक दुकान शिलाई यंत्रांचं होतं, एक आरशांचं. मी पिशवीतून ऐकत असे, शिलाई यंत्रांच्या दुकानदारानं त्यांना तीन वेळा विचारलं, “दाखवू का हो एखादं?” मग एकदा लेथवरून उडालेला तापलेला कीस त्यांच्या बुटात पडला. अंगठ्याशेजारच्या बोटाला एवढासा चटका बसला. असे चटके त्यांना शेकड्यांनी बसले होते. पण हा भरून येईना. बोट निळं झालं, मग काळं.

काम सुटल्यावर ते थेट दवाखान्यात गेले, म्हणून पिशवीतून मीही गेले. डॉक्टरबाई वयानं लहान होत्या, बोलणं मात्र नेमकं.

“हे बोट जाईल,” त्या म्हणाल्या. “ते मी वाचवू शकत नाही. पायाचं अजून तुमच्या हातात आहे. सिगारेट सुटली, तर पाय राहण्याची चांगली आशा आहे. नाही सुटली, तर पुढच्या वर्षी आपण गुडघ्याबद्दल बोलत असू.”

मास्तर घाईघाईनं बोलू लागले. “माहीत आहे मला. त्या विषानं नसा आकसतात, मग रक्त पुढे जात नाही, मग पेशी...”

“थांबा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुम्हाला हे माझ्याइतकंच पाठ आहे. मी तुम्हाला आणखी काय सांगणार? मला एक सांगा. ओढताना तुम्ही काय करत असता?”

“म्हणजे? ओढतो.”

“ते झालं. पण उभे असता, चालत असता, काय करत असता?”

“बसतो. कारखान्याच्या मागे बाक आहे, त्यावर बसतो.”

“आणि ओढली नाही तर?”

 मास्तर हळूच म्हणाले, “तर बसता येत नाही.” आणि स्वतःचंच बोलणं ऐकून ते चमकले. पिशवीत मीही चमकले. इतकी वर्षं त्यांना सगळ्यांनी विचारलं होतं, सोडत का नाहीस? त्यातून मिळतं काय, हे कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी तलफ कमी करणारं औषध लिहून दिलं. बोट काढलं. महिनाभर मास्तर घरी होते आणि एकही सिगारेट ओढली नाही. आता सगळं सुरळीत होणार, असं मला वाटलं. मला नेहमी लवकर वाटतं.

कामावर परतल्यावर त्यांनी एक चूक केली. बाक म्हणजे सिगारेट, असं धरून त्यांनी बाकाकडे पाठ फिरवली. तीन दिवस दहा मिनिटांच्या दोन्ही सुट्ट्यांना ते लेथपाशी उभे राहिले. मला त्यांनी आठवण नको म्हणून बाकावरच ठेवून दिलं होतं. चौथ्या दिवशी दार उघडलं आणि ते लंगडत आले. वेल्डरनं पाकीट पुढे केलं. मास्तरांनी एकीवर दुसरी पेटवून दोन ओढल्या. राख माझ्यात पडली. त्या वेळी मला तोंड मिटता आलं असतं, तर मी ते मिटलं असतं.

त्या संध्याकाळी मला त्यांनी पुन्हा पिशवीत घातलं. घरी जाऊन त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि बायकोला सगळं सांगितलं. लपवलं नाही. तीही रागावली नाही. तिनं खुर्ची ओढली आणि समोर बसली.

“तीन दिवस कसे काढलेत?”

“उभ्यानं.”

“नऊ बोटांवर?”

“हो.”

“मग बसा ना. ओढू नका, पण बसा.”

“अगं, नियम आहे तसा. ओढणाऱ्यांनाच सुट्टी.”

“अहो, नियम पायापेक्षा मोठा आहे का? डॉक्टरबाईंनी राखलेला पाय तुमचा फोरमन कापणार आहे का?” मग ती म्हणाली, “मी खोडीबद्दल जे बोलत आले, ते मला खोटं पाडून दाखवा. मी हरायला तयार आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी झाली. मास्तर बाकावर येऊन बसले. मला शेजारी ठेवलं, रिकामी. हात गुडघ्यांवर.

“काय मास्तर, पाहुणे म्हणून आलात का?” वेल्डर म्हणाला.

“बसायला आलोय.”

“आणि सिगारेट?”

“तुझी तू ओढ. वारा तिकडे आहे, त्या टोकाला बस.”

वेल्डर पुटपुटत टोकाला सरकला. इतक्यात आताचे नवे फोरमन आले. मास्तरांपेक्षा वयानं लहान, नियमाला पक्के.

“मास्तर, सिगारेट सोडलीत म्हणे. अभिनंदन. मग आता यंत्रावर चला.”

“दहा मिनिटं झाली की येतो.”

“ही सुट्टी ओढणाऱ्यांची आहे, मास्तर. तुम्ही ओढत नाही.”

“म्हणूनच बसलोय. ओढून बसायचो तेव्हा कुणी उठवलं नाही. आता न ओढता बसलो तर उठवता?”

“मला वर कळवावं लागेल.”

“कळवा. लिहा, टर्नर बसला होता. पाय दुखत होता म्हणून बसला होता. मी खाली सही करतो.”

मास्तर मोठ्यानं बोलणारे नव्हते. आवाज कापत होता. भीतीनं की तलफेनं, मला सांगता येणार नाही. पण ते उठले नाहीत. दार उघडंच होतं. पॅकिंगच्या ताई आतून हे ऐकत होत्या. त्या अठरा वर्षं खोकी बांधत उभ्या होत्या आणि त्यांनी हा बाक फक्त लांबून पाहिला होता. त्या बाहेर आल्या.

“मास्तर, सरका जरा.”

“ताई, तुम्ही ओढता का?” फोरमन गोंधळून म्हणाले.

“नाही.”

“मग?”

“माझेही पाय दुखतात.”

आणि त्या बसल्या. वेल्डर इतका हसला, की त्याला खोकल्याची उबळ आली.

फोरमननी वर कळवलं. वरून काय उत्तर आलं, ते कुणाला कळलं नाही. नियम बदलला, असंही कुणी जाहीर केलं नाही. पण त्या आठवड्यात रोज कुणी ना कुणी येऊन बसू लागलं, आणि एक दिवस फोरमननी विचारायचं सोडून दिलं.

यानंतर सगळं सोपं झालं, असं सांगितलं तर मी खोटी ठरेन. तलफ आली, की मास्तर काड्यापेटीतली काडी न पेटवता मोडत आणि तिचे तुकडे माझ्यात टाकत. कित्येक दिवस मी काड्यांच्या तुकड्यांनीच भरत होते. एकदा कामावरून मोठी बाचाबाची झाली आणि त्यांनी एक ओढली. दुसऱ्या दिवशी खालमानेनं वेल्डरला सांगत होते, “वाटलं, बायको ओरडेल. म्हणाली, एक टाका उसवला म्हणून कुणी सदरा फेकून देत नाही.” आणि ते पुन्हा काड्या मोडू लागले. औषध घेतलं, डॉक्टरबाईंकडे ठरलेल्या दिवशी गेले, रोज चालले. पोटरीत गोळा आला की थांबत, आणि उतरला की पुन्हा चालत. चालणं वाढत गेलं. परवा शिलाई यंत्रांच्या दुकानापुढून न थांबता गेले, तर दुकानदार म्हणे बाहेर येऊन बघत राहिला.

आठ महिन्यांनी एका सकाळी मास्तर बाकावर आले, त्यांनी उजवा बूट काढला, मोजा काढला आणि पाय वेल्डरच्या मांडीवर ठेवला.

“ए, हे काय? वास बघ!”

“गप. बोट दे तुझं.” त्यांनी वेल्डरचं राकट बोट आपल्या पावलावर वरच्या बाजूला ठेवलं. “इथे. हलकेच दाब. काल डॉक्टरबाईंना लागला इथे.”

“काय लागला?”

“ठोका. आठ महिन्यांपूर्वी नव्हता.”

वेल्डरनं डोळे मिटले. “काही नाही... थांब. थांब थांब. हां! उडतंय रे!”

“पाय राहणार म्हणाल्या. असाच चालत राहिलो आणि असाच बसत राहिलो, तर.”

वेल्डरच्या दुसऱ्या हातात सिगारेट होती. तिची राख लांबत गेली आणि माझ्यात न पडता जमिनीवर पडली. त्याचं लक्षच नव्हतं. तो बराच वेळ ते पाऊल धरून बसला होता. मग म्हणाला, “तुझी ती डॉक्टरबाई कुठल्या वारी असते?”

तो अजून गेलेला नाही. परवा म्हणाला सोमवारी जातो, काल म्हणाला पुढच्या सोमवारी. मास्तर त्याला एकही रोग सांगत नाहीत. ते म्हणाले, “सोमवारी मीही येतो. तिथे बाहेर बाक आहे.”

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं असेल, आणि ते सिगारेटच असेल असं नाही, तर त्याला धोका जरूर सांगा. पण तो त्याला बहुधा पाठ असतो. एकदा त्याला हेही विचारा, की यातून तुला काय मिळतं? तो चिडेल, कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. पुन्हा विचारा. उत्तर मिळालं, तर ते त्याला दुसऱ्या वाटेनं मिळवून द्यायला मदत करा. तो घसरला, तर नव्या टाक्यासाठी दोरा घेऊन तयार राहा.

आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल. कामावर जाल, उभे राहाल, थकाल. कुणीतरी हसत हसत तुमच्या बोटांत पहिली सिगारेट खोचेल. ती परत द्या आणि बसा. कुणी विचारलं, इथे काय करतोस, तर मान वर करून सांगा, “दमलोय.” बसायला एवढं कारण पुरेसं आहे.